हॉब्स, लॉक, रूसो यांची तुलना करताना या चुका टाळा

सामाजिक करार म्हणजे राज्यसत्ता लोकांच्या संमतीतून उभी राहते हा विचार. तो मांडणाऱ्या हॉब्स, लॉक आणि रूसो या तीन राजकीय तत्त्वज्ञांवर प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत तोच तीन रकान्यांचा तक्ता असतो: हॉब्सचा माणूस वाईट, लॉकचा चांगला, रूसोचा भोळा. पुढचं सगळं मग या स्वभाववर्णनावरून ओढूनताणून काढायचं. गाडी रुळावरून घसरते ती इथेच.

हॉब्सने माणसाला दुष्ट ठरवलेलं नाही. ‘लेव्हायथन’च्या (१६५१) तेराव्या प्रकरणात तो भांडणाची तीन कारणं सांगतो: स्पर्धा, अविश्वास आणि मोठेपणाची हाव. मधलं कारण नीट वाचा. अगदी दुबळा माणूसही कट करून किंवा इतरांना हाताशी धरून बलवानाचा जीव घेऊ शकतो. वर न्यायनिवाडा करणारं कोणी नसेल, तर सज्जनालाही आधी वार करणंच शहाणपणाचं वाटतं. म्हणजे दोष स्वभावापेक्षा परिस्थितीत जास्त. ती परिस्थिती त्याच्या डोळ्यांपुढे होती: इंग्लंडमध्ये यादवी पेटलेली, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झालेला, आणि हॉब्स त्या काळात पॅरिसमध्ये. लॉककडेही निसर्गावस्था, म्हणजे राज्यसत्ता येण्याआधीची स्थिती, हे नंदनवन नव्हे. तिथे निसर्गनियम (बुद्धीला कळणारा नैतिक नियम) आहे, पण सर्वमान्य लिखित कायदा नाही, निःपक्ष न्यायाधीश नाही आणि निकाल अमलात आणणारी सत्ता नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते: करार कोणाकोणात झाला, हेच न पाहणं. ‘प्रजेने राजाशी करार केला’ हे वाक्य तिघांपैकी एकालाही लागू पडत नाही. हॉब्सकडे माणसं आपसांत करार करतात. सार्वभौम, म्हणजे सर्वोच्च सत्ता ज्याच्या हाती तो, त्यात पक्षकारच नाही, त्यामुळे त्याने करार मोडला असं म्हणताच येत नाही. लॉककडे आधी समाज बनतो, मग तो सरकारवर विश्वस्त म्हणून सत्ता सोपवतो. रूसो तर सरकार करारातून जन्मतं हेच नाकारतो. त्याच्या लेखी सरकार हे सार्वभौम जनतेने नेमलेलं कारभारी. घोळ होऊ लागला की एकच प्रश्न विचारा: सरकार कोसळलं तर मागे काय उरतं? हॉब्सचं उत्तर, पुन्हा निसर्गावस्था. लॉकचं, समाज शाबूत. रूसोचं, सार्वभौम जनता जागच्या जागी.

किरकोळ पण गुण घालवणाऱ्या दोन गोष्टी. हॉब्स म्हणजे निव्वळ राजेशाही नव्हे, सार्वभौम एखादी सभाही असू शकते. आणि जिवावर बेतलं तर प्रतिकाराची मुभा तो प्रजेला देतोच. लॉकचे शासनावरचे ‘दोन प्रबंध’ १६८९ मध्ये निनावी छापले गेले, पण त्यांचा बराचसा भाग इंग्लंडमध्ये राजा बदलणाऱ्या १६८८ च्या क्रांतीआधीच लिहून झाला होता. ‘क्रांतीचं समर्थन करण्यासाठी लिहिले’ हे म्हणून अर्धंच खरं.

राहिला रूसो. १७५५ आणि १७६२ चा रूसो एकाच रकान्यात कोंबला जातो. विषमतेवरच्या १७५५ च्या प्रबंधातला करार ही श्रीमंतांनी आपली मालमत्ता राखण्यासाठी गरिबांच्या गळी उतरवलेली चलाखी आहे. १७६२ च्या ‘सामाजिक करारा’त मात्र न्याय्य सत्ता कशी असू शकेल याचा शोध आहे. त्यातली ‘सामूहिक इच्छा’ म्हणजे बहुमत, हेही लिहू नका. सगळ्यांच्या खासगी इच्छांची बेरीज वेगळी आणि सार्वजनिक हिताकडे पाहणारी सामूहिक इच्छा वेगळी, असं तो स्वतःच बजावतो. आणि त्याला प्रातिनिधिक लोकशाहीचा जनक म्हणणाऱ्या गाइडांनी ‘सामाजिक करारा’च्या तिसऱ्या भागातलं पंधरावं प्रकरण उघडलेलं दिसत नाही. सार्वभौमत्वाला प्रतिनिधी असू शकत नाही, आणि इंग्रज फक्त संसदेचे सभासद निवडण्यापुरतेच स्वतंत्र असतात, असं त्यात लिहिलंय.