जुन्या इंग्रजी पेपरातला 'इन्स्टंट' आणि तारखांची भानगड

जुने इंग्रजी पेपर पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी लिहितेय, मग ते एमएच्या प्रोजेक्टसाठी असो की घराण्याचा इतिहास शोधायला. मी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईवर काम करते आणि नवीन मुलांना सगळ्यात आधी 'इन्स्टंट' हा एकच शब्द समजावते, कारण तो कळला नाही तर तारखा महिना महिना सरकतात आणि मग पुढचं सगळंच गडबडतं.

'१६ इन्स्टंट' असं दिसलं की ती चालू महिन्याची १६ तारीख. मागचा महिना 'अल्टिमो', पुढचा 'प्रॉक्सिमो', सगळं लॅटिनमधून आलेलं, आणि छापताना बहुतेक वेळा 'इन्स्ट', 'अल्ट' असं तोडलेलं. पेशवाई कागदांत 'साल मजकूर' म्हणजे चालू साल, त्यातलाच प्रकार, मोडी वाचणाऱ्यांना लगेच पटतं.

पण खरी गोम पुढेच आहे. चालू महिना कुणाचा? पेपरचा नाही, ज्याने मजकूर लिहिला त्याचा! बॉम्बे टाइम्स १८३८ मध्ये सुरू झाला, तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं लंडनची डाक मुंबईत पोचायला महिना तरी सहज जायचा. समजा लंडनहून २४ फेब्रुवारीला लिहिलेलं पत्र एप्रिलच्या अंकात छापलंय, तर त्यातला '२० इन्स्टंट' म्हणजे २० फेब्रुवारी, अंकावर एप्रिल असला तरी. म्हणून आधी पत्राच्या वर नाहीतर खाली गाव आणि तारीख शोधायची. दुसऱ्या पेपरातून उचललेला मजकूर असेल (सर्रास उचलायचे) तर त्या मूळ पेपरची तारीख बघायची. १८७० मध्ये समुद्राखालची केबल मुंबईला आली, तारा भराभर यायला लागल्या, पण डाकेची पत्रंही चालूच होती, त्यामुळे एकाच पानावर दोन वेगवेगळे 'इन्स्टंट' भेटू शकतात.

ऑनलाइन सर्च करताना पण हे लक्षात ठेवा. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली, पण त्या दिवसांतल्या बातम्या '१६ एप्रिल' टाकून शोधाल तर काही हमखास निसटतील कारण 'इन्स्टंट' लिहिलं की महिन्याचं नाव लिहायची गरजच नसायची. 'इन्स्टंट' आणि 'इन्स्ट' दोन्ही टाकून बघा, आणि सर्चसाठी पानावरचा मजकूर मशीनने वाचलेला असतो, बारीक टाइप त्याला नीट वाचता येत नाही, त्यामुळे शक्य असेल तिथे पानाचा फोटोच उघडा. सरावाला ट्रोव्ह ही ऑस्ट्रेलियाच्या जुन्या पेपरांची वेबसाइट फार छान, फुकट आहे आणि मशीनने चुकीचं वाचलेलं आपल्याला दुरुस्तही करता येतं.

वहीत नोंद करताना छापलंय तसंच उतरवा, शेजारी कंसात पूर्ण तारीख, शिवाय अंकाची तारीख वेगळी. आणि जानेवारीत लिहिलेल्या मजकुरात 'अल्टिमो' आलं तर तो आदल्या वर्षीचा डिसेंबर, तिथे सालसुद्धा बदलायचं.