फेतिये-ओल्युदेनिझला जाताय? या चुका टाळा

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सुट्टी फसते ती तिथे पोहोचल्यावर नाही. ती घरी फसते, रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर निळ्याशार पाण्याचे फोटो बघत झटपट बुकिंग उरकताना. मुगला प्रांतातल्या फेतिये-ओल्युदेनिझ भागात लोक दर मोसमात त्याच त्या चुका करतात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

हॉटेल भलत्या गावात घेणं

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत महाग पडते. 'फेतिये' म्हणून आपण जे शोधतो ती प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळी ठिकाणं आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं साम्य नाही.

फेतिये हे शहर. बंदर, मासळी बाजार, कड्यात कोरलेली प्राचीन लिकियन लोकांची थडगी, मंगळवारचा मोठा बाजार हे सगळं तिथे. पण शहराच्या मध्यात पोहण्याजोगा किनारा नाही. बंदराच्या काठी फिरायचं, जेवायचं, बोटीत बसायचं, बस्स. चालिश हा शहराच्या उत्तरेला सुमारे 5 किलोमीटरवरचा लांबलचक किनारा. सूर्यास्त छान, पण दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. ओल्युदेनिझ डोंगरापलीकडे, 12-15 किलोमीटरवर. फोटोतलं ते निळं खारं तळं तिथलं.

खरा गोंधळ आहे हिसारोन्यू आणि ओवाजिकचा. ही दोन्ही गावं डोंगरावर, समुद्रापासून 3-4 किलोमीटर आत. पण ती ओल्युदेनिझच्याच हद्दीत मोडत आली आहेत, त्यामुळे तिथलं हॉटेल बुकिंगच्या साइटवर बिनदिक्कत 'ओल्युदेनिझ' म्हणून दिसतं, आणि पत्ता तांत्रिकदृष्ट्या खोटाही नसतो. भाडं कमी, तरणतलाव मोठा, फोटो झकास. मग आजी-आजोबांसह सहा जणांचं कुटुंब चार रात्रींचे पैसे भरून मोकळं होतं. पहिल्या सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून 'बीच कुठे?' विचारलं की स्वागतकक्षातला मुलगा वळणावळणाने उतरणाऱ्या रस्त्याकडे हात करतो. उतरताना मजा वाटते. परत येताना दुपारचं 36 अंश ऊन, तोच चढ, ओले कपडे आणि कडेवर झोपलेलं पोर. दुसऱ्या दिवसापासून येता-जाता टॅक्सी, आणि स्वस्त हॉटेलने वाचवलेले पैसे तिसऱ्या दिवशी संपलेले. रात्रीची तऱ्हा आणखी वेगळी: हिसारोन्यूचा मुख्य रस्ता म्हणजे ब्रिटिश पर्यटकांच्या बारची रांग, गाणी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. तरुण मंडळींना चालेल, आजीला नाही.

उपाय साधा आहे. हॉटेलच्या वर्णनातलं 'किनाऱ्यापासून अंतर' वाचूच नका, ते बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं. नकाशावर हॉटेलपासून बेलजेकिझपर्यंतचा, म्हणजे ओल्युदेनिझच्या मुख्य किनाऱ्यापर्यंतचा, पायी रस्ता काढा आणि चढ किती मीटरचा आहे ते बघा. 15 मिनिटांच्या आत, सपाटीवर असेल तरच ते ओल्युदेनिझ. पोहणं मुख्य असेल तर खाली ओल्युदेनिझला राहा. बाजार, बोटी, खाणं मुख्य असेल तर फेतियेत राहा आणि डोल्मुशने, म्हणजे तिथल्या प्रवासी मिनीबसने, ये-जा करा. उन्हाळ्यात ती दर काही मिनिटांनी सुटते आणि अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवते. मोसम सरला की फेऱ्या घटतात, शेवटची गाडी किती वाजता ते ड्रायव्हरलाच विचारून ठेवा.

विमानतळ

फेतियेसाठी विमानतळ दालामान. अंतर 50 किलोमीटरच्या आसपास, तासाभराचा रस्ता, विमानांच्या वेळेनुसार बस मिळते. 'अंतालियाचं तिकीट दोन हजारांनी स्वस्त होतं' म्हणून तिकडे उतरणारे आतल्या रस्त्याने 200 किलोमीटर, म्हणजे सव्वातीन-साडेतीन तास बसमध्ये काढतात. काश गावावरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता सुंदर आहे, पण तो जवळजवळ 300 किलोमीटर आणि सतत वळणांचा. रात्रभर विमानात जागून आलेल्याने त्याच्या नादी लागू नये.

इस्तंबूललाही दोन विमानतळ आहेत. मुंबईचं विमान युरोपच्या बाजूला उतरतं आणि स्वस्तातलं देशांतर्गत विमान बरेचदा आशियाच्या बाजूच्या साबिहा गोकचेनवरून सुटतं. मध्ये सुमारे 80 किलोमीटर आणि इस्तंबूलची वाहतूक. दोन वेगळी तिकिटं असतील तर मी मध्ये 6 तासांहून कमी ठेवत नाही. शिवाय देशांतर्गत स्वस्त तिकिटावर सामान अनेकदा 15 किलोच चालतं, मुंबईहून आणलेली 23 किलोची बॅग काउंटरवर महाग पडते.

ग्रीसचं बेट 'जाता जाता' करणं

फेतियेहून ऱ्होड्सची बोट दीड-दोन तासांची, काशहून मेइस हे छोटं ग्रीक बेट तर 20-25 मिनिटांवर. ग्रीससह बहुतेक युरोपला चालणारा शेंगेन व्हिसा आहेच, मग जाऊन येऊ एका दिवसात! इथे बरेच भारतीय अडकतात.

भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो तो शेंगेन देश, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा अथवा रहिवासी परवाना असेल तर. दुबई-अबूधाबीत राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, आखाती देशांचा रहिवासी परवाना यात धरत नाहीत. आधार म्हणून दाखवायचा व्हिसा स्वतःच ई-व्हिसा असेल तर तोही चालत नाही. आणि मुख्य गोष्ट: हा ई-व्हिसा 30 दिवसांचा आणि एकाच प्रवेशाचा असतो. बोटीत बसण्यापूर्वी बंदरावर पासपोर्टवर देश सोडल्याचा शिक्का पडला की तो एक प्रवेश संपला.

पुढे काय होतं ते सांगतो. जोडपं सकाळी पाठीवर छोटी बॅग घेऊन ऱ्होड्सला जातं, मोठं सामान फेतियेच्या हॉटेलात. संध्याकाळी परतीच्या रांगेत बोटीचा कर्मचारी तुर्की व्हिसा मागतो. तो वापरून झालेला. मग बंदरावरच्या भिंतीला टेकून मोबाइलवर नवा ई-व्हिसा काढायचा खटाटोप. तो मिळालाच तर बोट गेलेली असते, म्हणजे बेटावर एक रात्र. आणि शेंगेन व्हिसाही एकाच प्रवेशाचा असेल तर तुर्कस्तानच्या ई-व्हिसाला आधारच उरला का, हा नवा प्रश्न. तिकडे घरी परतीचं विमान इस्तंबूलहून, सामान फेतियेत आणि माणसं ग्रीसमध्ये.

तुर्की लोकांनी लिहिलेल्या माहितीत 'बेटावर बंदरातच व्हिसा मिळतो' असं वाचायला मिळतं. 2024 पासून ती सोय आहे खरी, पण तुर्की नागरिकांसाठी. आपल्यासाठी नाही. बेट करायचंच असेल तर ते सहलीच्या शेवटी ठेवा, सामानासकट जा आणि ग्रीसमधूनच भारतात परता. तुर्कस्तानात परत यायचं असेल तर दुसऱ्या प्रवेशाचा व्हिसा घर सोडण्यापूर्वी हातात हवा. अर्ज फक्त सरकारी ई-व्हिसा पोर्टलवर करा. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट त्याच कामाचे जास्त पैसे घेतात.

पॅराग्लायडिंग शेवटच्या दिवशी

बाबादाग डोंगर 1,969 मीटर उंच, उड्डाणाच्या वरच्या जागा 1,700 ते 1,900 मीटरवर, उतरायचं थेट किनाऱ्याशी. लोक हे 'सगळ्यात भारी शेवटी' म्हणून अखेरच्या सकाळी ठेवतात. त्या दिवशी वारा वाढला किंवा माथ्यावर ढग बसले की उड्डाणं बंद, आणि तुमचं विमान संध्याकाळचं. पहिल्या नाहीतर दुसऱ्या सकाळचं लवकरचं उड्डाण घ्या, म्हणजे रद्द झालं तरी हातात दिवस राहतात.

वजनाची मर्यादा आधी विचारा, साधारण 100 किलोच्या पुढे वैमानिक आणि वाऱ्यानुसार नकार मिळू शकतो. डोंगरावरचं शुल्क भावात धरलंय का, फोटो-व्हिडिओचे किती, हे वर जाण्यापूर्वी ठरवा. हवेत 25-40 मिनिटं असतात; शेवटच्या गिरक्यांमध्ये मळमळतं, म्हणून नाश्ता हलका करा किंवा गिरक्या नकोत असं सरळ सांगा. प्रवास विमा साहसी खेळांना लागू होतो का ते कागदावर वाचा, बहुतेक साध्या विम्यांना होत नाही. उडायचं नसेल तर 2021 पासून ओवाजिकहून केबल कार आहे. तळ्याचा प्रसिद्ध आकार दिसतो तो वरूनच. खाली वाळूवर उभं राहून 'फोटोसारखं दिसत नाही' म्हणणाऱ्यांना काय सांगायचं!

बटरफ्लाय व्हॅलीत पायी उतरणं

नको. ही ओल्युदेनिझजवळची, समुद्राला टेकलेली दरी. वरच्या फारालिया गावाहून खाली जाणारी वाट दोराला धरून उतरायची आहे, कडा 300 मीटरहून उंच आहे आणि तिथून पडून माणसं गेली आहेत. चपला घालून, अर्धा लीटर पाण्यावर, 'सह्याद्रीत फिरलोय' या जोरावर उतरणारे आपलेच लोक असतात. ओल्युदेनिझच्या किनाऱ्यावरून बोट जाते, तिने जा. समुद्र खवळला की बोटी बंद असतात. त्या दिवशी ती दरी नाही, इतकंच.

सुट्टीची तारीख

मे महिन्याच्या सुरुवातीला हवा सुरेख, पण पाणी 19-20 अंश, आपल्याला थंडच. जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा माझ्या मते सर्वोत्तम काळ. शाळेची दिवाळीची सुट्टी कधी जमते, कधी नाही. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, आणि 29 ऑक्टोबरचा त्यांचा प्रजासत्ताक दिन झाला की किनाऱ्यावरची हॉटेलं, खानावळी पटापट मिटतात, पाऊसही सुरू होतो. मे महिन्यात जाणाऱ्यांनी कुर्बान बायरामची (आपली बकरी ईद) तारीख बघावी: 2026 मध्ये 27 मे, 2027 मध्ये 16 मेच्या सुमारास. त्या आठवड्यात निम्मा देश किनाऱ्याकडे निघतो, बसची तिकिटंही मिळत नाहीत.

बारीकसारीक

बेलजेकिझचा किनारा गोट्यांचा आहे आणि चार पावलांत पाणी डोक्यावर जातं. पोहता न येणाऱ्यांनी आणि मुलांनी पैसे भरून कुंबुर्नुच्या, म्हणजे खाऱ्या तळ्याच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या पट्ट्याच्या, आतल्या, शांत बाजूला जावं. पाण्यात घालायचे रबरी बूट बाजारात मिळतात, घ्या.

फेतियेहून दिवसभराच्या फेरीला नेणारी '12 बेटांची' बोट 12 बेटांवर थांबत नाही, पाच-सहा ठिकाणी थांबते. जेवण भावात असतं, पेयं नसतात आणि त्यांचा हिशेब शेवटी येतो.

शाकाहारींनी 'मांस नको' एवढंच सांगून थांबू नये, कोंबडी येते. कोंबडी, मासे आणि सूपमधलं मांसाचं पाणी वेगवेगळं विचारा. पालक, चीज किंवा बटाटा भरलेली पातळ पोळी, म्हणजे गोझलेमे, कुठेही मिळतं आणि पोट भरतं.

मासे खाणाऱ्यांनी फेतियेच्या मासळी बाजारात मधल्या गाळ्यांवरून मासा घ्यावा आणि भोवतीच्या खानावळीत भाजून घ्यावा. किलोचा भाव आणि माणशी शिजवणावळ दोन्ही आधी विचारायचं, मासा आपल्यासमोर तोलून घ्यायचा, मग बसायचं.

एटीएम किंवा कार्ड मशीनने 'रुपयांत की लिरात' विचारलं तर लिरा. रुपये निवडले की भाव मशीनवाला ठरवतो. दोन वर्षांपूर्वीच्या लेखातले लिरातले भाव विसरा, महागाईने ते निकामी झाले आहेत.

आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, युरोपीय अडॅप्टर न्या. औषधांची दुकानं रविवारी आणि रात्री बंद असतात. पाळीने एक उघडं असतं आणि त्याचं नाव बंद दुकानाच्या काचेवर लावलेलं असतं. आपत्कालीन क्रमांक 112.