मद्यमुक्तीच्या मीटिंगला जाताना या चुका टाळा

गेली नऊ वर्षे मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेतील आमच्या गटाच्या मीटिंगला अर्धा तास आधी पोहोचतो, खुर्च्या मांडतो आणि दाराशी उभा राहून नव्या माणसाची वाट पाहतो. तेथे ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतील बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत. त्यामुळे पुढील मजकुरात चिडचिड जाणवली तर तिचा निम्मा रोख माझ्याकडेच आहे, असे समजावे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एका मीटिंगवरून निकाल देणे. पहिल्या दिवशी मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. बोलणाऱ्यांपैकी एकाने दारूपायी घर विकले होते, दुसरा तुरुंगात जाऊन आला होता. माझी नोकरी शाबूत होती, संसार कसाबसा चालला होता. तेव्हा 'आपण या लोकांतले नाही' असा निष्कर्ष काढून मी मीटिंग संपण्यापूर्वीच निघालो. पुढचे चौदा महिने घरात कोणी विषय काढला की माझे उत्तर तयार असे : 'जाऊन आलो, काही उपयोग नाही.' ती एक मीटिंग मला पिण्याचा परवानाच ठरली. दुसऱ्यांदा गेलो तो वेगळ्या गटात, आणि तेथे एकाने सांगितले की तोंडाचा वास कोणाला येऊ नये म्हणून तो वर्षानुवर्षे सर्वांच्या आधी कामावर पोहोचत असे. हे तर मीही करत होतो.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात 1935 साली झाली. तिच्यात प्रत्येक गट आपला कारभार स्वतःच पाहतो, त्यामुळे एका गटाचा सूर दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. कोठे एकच सभासद आपला अनुभव सविस्तर सांगतो, कोठे संघटनेच्या कार्यक्रमातील 12 पायऱ्यांपैकी एकीवर चर्चा होते. म्हणून नव्या माणसाला मी सांगतो की दोन वेगवेगळ्या गटांत मिळून निदान सहा मीटिंगा कराव्यात, आणि प्रत्येक वेळी खुर्च्या उचलून होईपर्यंत थांबावे. जे सर्वांसमोर बोलवत नाही ते त्या शेवटच्या दहा मिनिटांत बोलले जाते, आणि अडचणीच्या रात्री फिरवायचा फोन नंबरही तेव्हाच मिळतो. वीस मिनिटांत गुण येईल या अपेक्षेने आलेल्या अधीर माणसाला हे पटत नाही. मलाही पटले नव्हते.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे : मीटिंगला 'स्वच्छ' होऊन जायचे म्हणून घरीच एकाएकी दारू बंद करणे. एका शुक्रवारी रात्री एका गृहस्थांचा फोन आला. रविवारी या, असे सांगून मी फोन ठेवला. त्यांनी त्याच रात्री शेवटचा पेला घेतला. शनिवारी दिवसभर हात थरथरत होते आणि रात्री त्यांना फिट आली. भावाने वेळीच रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले. ते रोज किती आणि किती वर्षे पीत होते, हे मी विचारलेच नव्हते. आता माझा पहिला प्रश्न तोच असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबल्यास साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम, भास, ताप अशी अवस्था येऊ शकते. उपचार न झाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि थायमिन (जीवनसत्त्व बी-1) देऊन सांभाळायचे काम आहे, निर्धाराचे नव्हे. सभासदत्वाची एकमेव अट दारू सोडण्याची इच्छा ही आहे. पिऊन आलेल्याला आमच्या गटात शांतपणे ऐकत बसायला सांगतात, हाकलत नाहीत.

'ओपन' मीटिंगला कोणीही येऊ शकते, 'क्लोज्ड' मीटिंग मात्र दारू सोडू इच्छिणाऱ्यांपुरतीच असते. पत्नीला किंवा भावाला सोबत नेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना आहे आणि ती 1951 पासून चालू आहे. जुन्या यादीवर विसंबून बंद दाराशी उभे राहण्यापेक्षा आधी फोन करावा. प्रवेश फी नसते. पिशवी फिरते, तीत ऐच्छिक वर्गणी टाकावी किंवा न टाकावी. ईश्वराचा उल्लेख खटकला म्हणून उठून जाऊ नये. तेथे प्रत्येकाने आपल्याला उमगेल तसा ईश्वर मानायचा असतो, आणि तेही नकोच असेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे पायऱ्यांविना चालणारे गट आहेत. जो सर्वांत छान बोलतो त्याला घाईने आपला स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा अनुभवी सभासद, म्हणून निवडू नये. मी स्वतः, जो फोन उचलतो त्याला निवडले. मानसोपचाराच्या गोळ्या एखाद्या जुन्या सभासदाच्या सांगण्यावरून बंद करणे तर निव्वळ मूर्खपणा आहे. सभासदाने डॉक्टर होऊ नये, ही संघटनेचीच भूमिका आहे.

घसरल्यानंतर लाजेने महिनाभर तोंड न दाखवणे, ही चूक जुनी माणसेही करतात. पुन्हा प्याल्याचे सांगायला चांगला दिवस उजाडेल म्हणून थांबू नये. रोजचे पिणे पुन्हा सुरू झाले असेल तर आधी डॉक्टरांना गाठावे, आणि लगेचची मीटिंग चुकवू नये. दारूविना दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून होईल, पण कोणी जाब विचारणार नाही. बोलवत नसेल तर 'आज फक्त ऐकतो' एवढे म्हटले तरी पुरते.