संकेतांवरून रेणूची रचना कशी शोधावी

अभिक्रियांच्या संकेतांवरून सेंद्रिय संयुगाची रचना शोधताना अनेक विद्यार्थी पहिला संकेत वाचताच एखादे ओळखीचे नाव धरून बसतात आणि उरलेले संकेत त्या नावात कोंबू पाहतात. त्याऐवजी, या संकेताने कोणत्या शक्यता बाद झाल्या, असे प्रत्येक वेळी विचारावे.

समजा, संयुग ‘अ’मध्ये ८ कार्बन, १० हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन अणू आहेत. सोडियमबरोबर त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ते विरघळत नाही. पोटॅशियम परमँगनेटने तीव्र ऑक्सिडीकरण केल्यास बेंझॉइक आम्ल मिळते. पाण्याचा रेणू काढून टाकल्यास स्टायरीन मिळते. आणि आयोडीन व सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर पिवळा अवक्षेप येतो.

अभिक्रियांकडे वळण्यापूर्वी हायड्रोजन मोजावेत. ८ कार्बनच्या संतृप्त, वलयरहित संयुगात १८ हायड्रोजन असतात. येथे ८ कमी आहेत आणि प्रत्येक जोडीमागे एक द्विबंध किंवा एक वलय धरायचे असल्याने असंतृप्ततेचा अंक ४ येतो. बेंझीन वलय एकटेच हे चारही वापरून टाकते. बेंझॉइक आम्लामुळे ते वलय आहे हे ठरतेच, त्यामुळे कार्बोनिल गटाला (कीटोनमध्ये असणाऱ्या कार्बन-ऑक्सिजन द्विबंधाला) जागा उरत नाही. ही मोजणी वगळणारा विद्यार्थी पिवळा अवक्षेप पाहून थेट कीटोन लिहितो, आणि तिथेच फसतो.

ऑक्सिजन आता ईथर, फिनॉल किंवा अल्कोहोल यांपैकी एकात असणार. सोडियमच्या कसोटीने ईथर बाद होतात, तर अल्कलीत न विरघळल्यामुळे फिनॉल बाद होते. बेंझॉइक आम्लात कार्बोक्सिल गट एकच असल्यामुळे वलयावर शाखाही एकच आहे. मेथिलबेंझिल अल्कोहोल असते तर दोन कार्बोक्सिल गटांचे आम्ल मिळाले असते. शिल्लक राहतात १-फिनाइलइथेनॉल आणि २-फिनाइलइथेनॉल.

स्टायरीनचा संकेत येथे काहीच कामाचा नाही, कारण दोन्ही अल्कोहोलांपासून तेच मिळते. (असे संकेत परीक्षक मुद्दाम पेरतात, असा माझा संशय आहे.) निकाल लावतो तो पिवळा अवक्षेप, म्हणजेच आयोडोफॉर्म. ही कसोटी मेथिल कीटोनपुरती मर्यादित नाही. ज्या कार्बनवर हायड्रॉक्सिल, हायड्रोजन आणि मेथिल हे तिन्ही असतात, त्या अल्कोहोलाचे अभिक्रियेतच मेथिल कीटोनमध्ये ऑक्सिडीकरण होते. म्हणून ‘अ’ हे १-फिनाइलइथेनॉल.

उत्तर लिहिण्याआधी कार्बनचा हिशेब जुळवावा: आयोडोफॉर्ममध्ये १ कार्बन गेला, उरलेले ७ बेंझोएटमध्ये (बेंझॉइक आम्लाच्या क्षारात) आले. शिवाय हायड्रॉक्सिल धारण करणाऱ्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असल्यामुळे या संयुगाची दोन आरसाप्रतिमारूपे संभवतात. दिलेल्या संकेतांनी त्यांत निवड होत नसल्याने प्रश्नात अवकाशीय रचना विचारली असेल, तर दोन्ही काढावीत.