आरटीईचा फॉर्म भरताय? आधी नकाशा नीट बघा

मी अंगणवाडी सेविका. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा; त्यात खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांवर मोफत प्रवेश मिळतो. आमच्या वस्तीतले या जागांचे फॉर्म बहुतेक माझ्याच मोबाइलवर भरले जातात.

कागद आधीच जमवून ठेवा: जन्मदाखला, रहिवासी पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत हवं. जातीच्या दाखल्यावर वंचित गटातून अर्ज करत असाल तर ही अट नाही. भाड्याने राहता? मग करार नोंदणीकृतच लागतो. नोटरीचा चालत नाही, घरमालक कितीही म्हणोत, "चालतंय की!"

खरी मेख नकाशात आहे. फॉर्म भरताना लाल फुगा ओढून आपल्या घरावर ठेवायचा असतो, आणि शाळेचं अंतर तिथूनच मोजलं जातं. १ किलोमीटरच्या आतल्या शाळांना प्राधान्य. गल्लीबोळातलं घर पटकन सापडत नाही. झूम करून आधी देऊळ, पाण्याची टाकी शोधा, मग फुगा सरकवत थेट आपल्या छतावर आणा. शाळा जवळ यावी म्हणून फुगा मुद्दाम सरकवलात तर पडताळणीत प्रवेश जातो. असले सल्ले देणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका.

शाळा जास्तीत जास्त १० निवडता येतात. एकाच नावाजलेल्या शाळेवर अडून बसू नका ताई, शेवटी सोडतच आहे. एका मुलाचा अर्ज एकच भरा.

सोडतीनंतर मेसेजच्या भरवशावर राहू नका. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर बघा, आणि नाव लागलं तर मुदतीच्या आत मूळ कागद नि झेरॉक्स घेऊन पडताळणी समितीकडे जा.