जॉनी रमोनच्या गिटारचा आवाज घरी कसा मिळवावा

१९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील मॅनीज म्युझिक या दुकानातून रमोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडच्या जॉनी रमोनने सुमारे पन्नास डॉलरना निळ्या रंगाची मोझराइट व्हेंचर्स टू ही इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. कॅलिफोर्नियात सेमी मोझली यांनी नावारूपाला आणलेल्या मोझराइटची ओळख तोवर मुख्यतः द व्हेंचर्स या वाद्यवृंदाच्या स्वच्छ, खळाळत्या सर्फ रॉक सुरावटींशी जोडलेली होती. पण खिशाला परवडणारी आणि इतरांच्या हातात सहसा न दिसणारी म्हणून जॉनीने ती घेतली आणि तिच्यातून पंकचा अस्सल कडक आवाज काढला. तो आवाज हवा असेल तर मोझराइटच शोधत बसण्याची गरज नाही.

पिकअपचा (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाचा) स्विच ब्रिजकडे, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीकडे, करावा आणि तेथेच राहू द्यावा. मोझराइटचे पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, असूनही दणकट असतात, आणि निळी गिटार १९७७ मध्ये चोरीला गेल्यानंतर वापरलेल्या पांढऱ्या मोझराइटच्या ब्रिजपाशीही जॉनीने डिमार्झिओचा एफएस-१ हा सिंगल कॉइल पिकअपच बसवला होता. आपल्या गिटारला हमबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा अधिक जोरकस पिकअप, असेल, तर अॅम्पचा गेन (आवाज किती खरखरीत व्हावा ते ठरवणारे बटण) थोडा कमी ठेवावा.

नवशिके हमखास चुकतात ते गेनपाशी. डिस्टॉर्शन पेडल लावून गेन शेवटपर्यंत वाढवला, की कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट उरतो. जॉनीचा खरखरीतपणा मार्शल कंपनीचा अॅम्प (अॅम्प्लिफायर) प्रचंड मोठ्याने वाजवल्यामुळे येत असे. घरी तेवढा आवाज करता येत नाही, म्हणून गेन निम्म्याच्या आसपास, मिड (मधले सूर) भरपूर आणि बास (खालचे सूर) बेताचा ठेवून सहा तारांची एक बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायची कॉर्ड) वाजवावी, आणि तिच्यातली प्रत्येक तार वेगळी ऐकू येईपर्यंत गेन उतरवत जावा.

उरलेले सगळे काम उजव्या हाताचे आहे आणि माझ्या मते तेच निम्म्याहून अधिक आहे. जॉनी जवळजवळ सगळे आघात वरून खालीच करी. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्याला दोन आघात म्हटले, तर सेकंदाला सहा होतात. वर-खाली वाजवून हा वेग सहज गाठता येतो, पण मग प्रत्येक आघाताचा सारखा दणका हरवतो. पिक (तारा छेडायची छोटी चकती) अंगठा आणि तर्जनीत असे धरावे की त्याचे जेमतेम टोक बाहेर राहील, आणि हात मनगटातून हलवावा. मेट्रोनोम १२० वर लावून सलग दोन मिनिटे वाजवता आले, तरच पाच-पाचने वेग वाढवावा. कोपराखालचा स्नायू दगडासारखा घट्ट झाला, की त्या दिवसापुरते थांबावे.

रमोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये स्टिरिओच्या एका बाजूला बास गिटार आणि दुसऱ्या बाजूला गिटार आहे. बास येतो त्या बाजूचा इयरफोन काढून ठेवला, की जॉनीचा हात बऱ्याच अंशी सुटा ऐकू येतो. त्याच्यासोबतच रियाज करावा.