गॅस गिझर पेटायचा आणि विझायचा : माझा अनुभव

डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली गेला अन् आमच्या गिझरने नेमका तेव्हाच दगा दिला. नळ सोडला की टिक-टिक ठिणगी पडायची, ज्योत लागायची, पाच-सात सेकंदांत गुल! आई म्हणाली, "राहू दे, चुलीवर हंडा ठेवते."

आधी जाडे सेल बदलले. फरक शून्य. मग पाणी आत येते तिथली जाळी काढली. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता. दाब कमी असला की गिझर गॅस सोडतच नाही. पण आपला तर पेटत होता, म्हणजे दोष दुसरीकडे.

बर्नरजवळ दोन सळ्या असतात. एक ठिणगी देते, दुसरी ज्योत ओळखते. ज्योतीतून सूक्ष्म करंट वाहतो. तो मिळाला नाही की सर्किट गॅस बंद करते. म्हणजे विझणं हा बिघाड नव्हे, राखणदारीच! गॅस बंद करून, सेल काढून, काजळलेली दुसरी सळी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासली. काम झालं.

पुन्हा पुन्हा पेटवायची घाई मात्र करू नका. साचलेला गॅस एकदम भडकतो. एलपीजी हवेपेक्षा जड, खालीच बसतो. वास आला तर सिलिंडर बंद, खिडकी उघडी, कोणतंही बटण दाबायचं नाही, १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन.

आमचा गिझर बाथरूममध्येच होता. गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून प्लंबरकडून गिझर बाल्कनीत हलवून घेतला.